मूठ सैल करताना

मेरठच्या पोस्टिंगमध्ये वीस वर्षांनी पुन्हा घोड्यावर बसलो. खडकवासल्याला शिकलेलं निम्मं विसरलो होतो. वाट्याला आलेली घोडी कँटरला घेतली की दुसऱ्याच फेरीत सुसाट सुटायची. मी लगाम खेचायचो. ती तोंडाचा सगळा भार माझ्या हातावर टाकून आणखी पळायची.

"साहब, आप पकड़ेंगे तो यह भी पकड़ेगी," उस्ताद म्हणाले.

त्यांनी वीस मीटरचं वर्तुळ धरायला लावलं. कँटरचे ठोके तीन: आधी बाहेरचा मागचा पाय, मग आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा एकत्र, शेवटी आतला पुढचा. ते मोठ्याने मोजत. ठोके घाईत पडू लागले की मी ताठ बसायचं, पोटऱ्या लावून ठेवायच्या, बाहेरच्या लगामाची मूठ क्षणभर आवळायची आणि लगेच सैल करायची. हे सैल करणंच अवघड. तरीही तोल गेला तर ट्रॉटवर आणायचं, सावरू द्यायचं, पुन्हा कँटर.

तिसऱ्या आठवड्यात घोडी आठ फेऱ्या एका लयीत पळाली. माझे हात हलके होते.

त्या संध्याकाळी टेबलावर माझ्या कॅप्टनचा मसुदा होता. तीनदा लाल पेनने रंगवून मी तो परत पाठवला होता. चौथ्यांदा पेन उचललं आणि फक्त सही केली.