दगडाला पाणी किती वेगाने पाजायचं?

तेलाच्या बाबतीत ‘विहीर’ हा शब्द मराठीत सगळा घोटाळा करतो. विहीर म्हटलं की खाली साठलेलं, चमकणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. कामाबद्दल सांगायला लागले की आत्या हमखास विचारते, “मग खाली तळं असतं का गं?” तळं नसतं. दगड असतो, आणि त्याच्या कणांमधल्या फटींत तेल अडकलेलं असतं.

माझं काम अशा दगडाच्या बोटभर लांब नळकांडीत, म्हणजे कोअरमध्ये, पंपाने पाणी ढकलून किती तेल बाहेर येतं ते मोजायचं. दगड ‘टाइट सँडस्टोन’. यातल्या फटी बऱ्याचदा एका मायक्रॉनपेक्षाही अरुंद. केस त्यापुढे दोरखंड वाटेल.

इथे तेलाला दोन गोष्टी हलवतात. एक, पंपाचा रेटा. दुसरी, दगडाची स्वतःची तहान. गवंडी कोरडी वीट पाण्यात टाकतो तेव्हा बुडबुडे येतात ना? पाणी आत शिरतं आणि हवा त्याच बाजूने बाहेर पडते. हवेच्या जागी तेल समजा. फट दहापट अरुंद झाली की ही ओढ दहापट वाढते. पाण्याशी जुळवून घेणाऱ्या दगडात, 0.1 मायक्रॉन त्रिज्येच्या फटीत ती काही वातावरणांइतकी भरते. पंप लागतोच कशाला, असं वाटावं इतकी.

पण तहान फार सावकाश भागते. आणि दगडाचा आकार 10 पट झाला की लागणारा वेळ साधारण 100 पट होतो. 5 सेंटीमीटरचा तुकडा 3 दिवसांत भिजत असेल, तर अर्ध्या मीटरच्या ठोकळ्याला 300 दिवस. म्हणून ‘हळूहळू पाणी सोडा, सगळं छान होईल’ हे म्हणणंही मला पटत नाही. तेवढ्यात खालचा दाब उतरतो आणि विहीर मरते.

मग वेग वाढवायचा? लॅबमध्ये बऱ्याचदा उत्तर ‘हो’ येतं. रेट वाढवला की एका मर्यादेपर्यंत तेलही वाढतं. मला खटकतं ते इथेच. लॅबपर्यंत पोचतो तो अखंड तुकडा. भेगाळलेला दगड कापतानाच फुटतो आणि कचऱ्यात जातो. म्हणजे आलेख ज्या दगडाचा, तो जमिनीखालच्या दगडांतला सगळ्यात शहाणा.

म्हणून आम्ही एक कोअर मुद्दाम उभी चिरली, दोन्ही भाग घट्ट बांधले आणि तोच रेट दिला. काही मिनिटांत दुसऱ्या टोकाला जवळजवळ नुसतं पाणी. सुकलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं की ते मातीच्या कडेकडेने थेट खालच्या ताटलीत येतं, तसं. रेट कमी केल्यावर तेल परत दिसायला लागलं, कारण भेगेतून जाणारं पाणी दगडाला प्यायला वेळ मिळाला.

टेक्सासमधल्या स्प्राबेरीला हे फार आधी भोगावं लागलं. 1949 मध्ये सापडलेलं हे प्रचंड क्षेत्र, दगडाची परमिअबिलिटी एक मिलिडार्सीहून कमी, आणि सगळीकडे नैसर्गिक भेगा. पहिल्या टप्प्यात 10 टक्केही तेल निघालं नाही. पाणी टाकलं तर ते भेगांच्या दिशेने पळालं. भेगेतून पाणी एकदा विहिरीपर्यंत पोचलं की पुढे तेच उपसत बसावं लागतं, आणि ते खारट, तेलकट पाणी नंतर टाकायचं कुठे हा वेगळाच ताप.

1960च्या सुमारास तिथल्या इंजिनिअरांनी एक वेगळी गोष्ट करून पाहिली. पाणी भरून दाब वाढवायचा, मग इंजेक्शन थांबवायचं. दाब उतरताना दगड आणि आतले द्रव किंचित प्रसरण पावतात, तेल भेगेकडे सरकतं. प्यायलेलं पाणी बरंचसं दगडच धरून ठेवतो. सतत पाणी सोडण्यापेक्षा तेल जास्त आलं आणि त्यात पाण्याचं प्रमाण कमी होतं. एका ठरावीक रेटच्या शोधात असलेल्यांना ‘मध्येच बंद करा’ हे उत्तर किती विचित्र वाटलं असेल!

आता मी अहवालात दोन आलेख देते, एक अखंड दगडाचा, एक चिरलेल्याचा. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, “पण नेमका रेट सांगा ना, एकच आकडा.” मी विचारते, तिथे दोन भेगांमध्ये अंतर किती आहे? बहुतेक वेळा सगळे एकमेकांकडे बघतात.