फाइल नुसती उघडली होती

साहेबांनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली, हवा तो मेल वाचला, बंद केली. पुसलं काही नाही, बदललं काही नाही. तरी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बाइट्सवरून निघणारा आकडा, बदलला, आणि पुढे कित्येक दिवस 'तुझाच आकडा चुकला असेल' हे मला ऐकून घ्यावं लागलं. आठवलं की अजून डोकं तापतं.

चाकणच्या आमच्या कारखान्याचं एका गिऱ्हाइकाशी डायच्या पैशांवरून बिनसलं होतं. 'डाय बनवायला घ्या' हा त्यांचा मेल आमच्या मार्केटिंगवाल्याला आलेला. ते म्हणत, असा मेल नाहीच. मार्केटिंगवाला नोकरी सोडून गेलेला, आणि लायसन्सचे पैसे वाचवायला अकाउंट्सने त्याचं खातं पुसायला लावलेलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये पुसलेलं खातं ३० दिवस परत आणता येतं. ते कधीच उलटले होते. वाद पेटतोय हे वेळेत कळतं तर लिटिगेशन होल्ड लावून मेलबॉक्स राखता आला असता. पण भांडणाची बातमी आमच्या सिस्टिम्स विभागालाही द्यायची असते, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्याचा जुना लॅपटॉप मात्र स्टोअरमध्ये भंगाराच्या कपाटात सापडला, आत आउटलुकची पीएसटी फाइल. मी पेन ड्राइव्हवर प्रत काढली, तिचा एसएचए-२५६ हॅश काढून वकिलांना कळवला, आणि प्रत पाकिटात घालून वर 'उघडू नये' लिहून साहेबांच्या तिजोरीत ठेवायला दिली.

आउटलुक पीएसटी उघडतं तेव्हा तिच्यात स्वतःचंही काही लिहितं, तुम्ही नुसतं वाचलंत तरी. आणि एक बाइट हलला की अख्खा हॅश वेगळा. साहेबांचं एकच पालुपद, 'अरे, मजकूर तोच आहे ना?' तोच आहे हो! पण तो तोच आहे हे परक्या माणसाला पटवायचं कशावरून? लॅपटॉपमधल्या मूळ फाइलला कुणी हात लावला नव्हता म्हणून निभावलं.

वकीलसाहेबांनी मग जालन्याची हकिगत सांगितली. २०१४ च्या विधानसभेला तिथे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, यावर निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२० मध्ये निकाल आला: मूळ उपकरणच समोर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचाच रकाना आहे. भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने.

भाग 'अ'वर सही कोणाची? 'कॉम्प्युटर तुझ्याकडे, सही तुझी.' खातं पुसताना मला कुणी विचारलं नव्हतं. मेलचे प्रिंट काढून फायली फुगवणाऱ्या एका विभागप्रमुखाने तर सहीचं नाव काढताच रजा टाकली. प्रिंटचा उपयोग थोडाच. हेडरसकट मूळ मेल जपा, एवढं मी आता सगळ्यांना सांगतो.

ती फाइल चाळेपर्यंत माझं ठाम मत होतं की कंपनीने कुठलाच मेल कधी पुसू नये. मग तो एक मेल शोधायला मी त्या मार्केटिंगवाल्याचा सगळा पत्रव्यवहार चाळला. गृहकर्जाचे हप्ते, बायकोचे तपासणी अहवाल, दुसरीकडे नोकरीसाठी केलेले अर्ज. कंपनीच्या खात्यावर हे कशाला, म्हणायला सोपं आहे. पण मला ते वाचायचं नव्हतं, आणि ते उरायलाही नको होतं.

वकिलांना अख्खी पीएसटी हवी होती. मी त्या गिऱ्हाइकाचे आणि त्या डायच्या पार्ट नंबरचेच मेल काढून दिले. 'संबंधित काय ते मी ठरवणार,' ते वैतागले. त्यांचंही खरं असेल. त्यात आमच्याच माणसाचा एक मेल होता: ट्रायलचे तुकडे मापात बसत नाहीत, पार्टीला इतक्यात कळवू नका. साहेब म्हणाले, हा कशाला दिलास? व्यापारी दाव्यात आपल्या विरोधातले कागदही स्वतःहून द्यावे लागतात, हे त्यांना वकिलांनीच ऐकवलं, आणि मेल यादीत गेला. भंगाराचं कपाट उघडायची कल्पना कोणाची होती, याची आता आमच्याकडे चौकशी चालू आहे.