खांब कशासाठी उभा आहे?

पडद्यावरच्या रोलर कोस्टरमध्ये गुरुत्वाकर्षण फक्त गाडीला लागू असतं, खांबांना नाही. गाडी चढावर मंदावते, उतारावर सुसाट सुटते, वळणावर बसणाऱ्याच्या अंगावर किती जोर येईल याचा हिशेब संगणक क्षणाक्षणाला मांडतो. पण रुळाखालचे सगळे खांब पुसून टाकले तरी तीच गाडी त्याच वेगाने अधांतरी धावत राहते. आभासी कोस्टरसाठी लाकडी सांगाडे रचणाऱ्या माझ्यासारख्याच्या कामाची सगळी अडचण इथे आहे. संगणक ज्या लाकडाकडून काहीच मागत नाही, ते लाकूड भार पेलतंय असं पाहणाऱ्याला पटलं पाहिजे.

क्रिस सॉयर यांचा ‘रोलरकोस्टर टायकून’ हा खेळ 1999 मध्ये आला आणि घरच्या संगणकावर कोस्टर बांधण्याचं वेड जगभर पसरलं. पुढे ओले लांगे यांच्या ‘नोलिमिट्स’ने रुळाची वळणं आणि जोर यांचं गणित खऱ्याच्या फार जवळ नेलं. 2016 मध्ये आलेल्या ‘प्लॅनेट कोस्टर’मध्ये तर रूळ ओढत जावं तसे खालचे खांब आपोआप उगवत जातात. या सोयीमुळे काम पटकन होतं. मात्र आपोआप उगवलेला खांब कुठे उभा राहायचं एवढंच जाणतो, कशासाठी उभा राहायचं ते त्याला ठाऊक नसतं.

मुंबईकराला रोलर कोस्टर ओळखीचा आहे तो पोलादी. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये 1989 पासून पिढ्यान्‌पिढ्या मुलं किंचाळली. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 2013 मध्ये सुरू झालेला ‘नायट्रो’ बोलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीचा. त्याचे नळीसारखे पोलादी खांब एकमेकांपासून लांब लांब उभे असतात. लाकडी कोस्टरचं तसं नाही. तिथे रुळाखाली लाकडाचं जंगल असतं, आणि त्यातला एखादा वासा चुकीच्या जागी पडला तर ते डोळ्याला खुपतं, भले पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येवो न येवो.

या जंगलाचं व्याकरण शिकायला मात्र परदेशी जावं लागत नाही. गिरगाव, काळबादेवी, परळ इथल्या जुन्या चाळींच्या पोटात ते आहे. खोताच्या वाडीतल्या घरांचे लाकडी व्हरांडे आणि बाहेरून चढणारे जिने फोटोत नेहमी दिसतात; सांगाडा समजून घ्यायचा तर शेजारच्या गल्लीतली साधी तीन-चार मजली चाळ जास्त कामाची. विटांची भिंत वर वर दिसते, पण पुष्कळ इमारतींत मजल्यांचा भार वाहतात ते सागवानी खांब आणि तुळया. ब्रह्मदेशातला साग मुंबईत बोटींनी यायचा. त्या व्यापारात मोठं नाव असलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1863 मध्ये इथेच स्थापन झाली. लाकडाच्या वखारींसाठी रे रोडचा परिसर आजही ओळखला जातो.

अशा चाळीत भाराचा प्रवास बोट ठेवून दाखवता येतो. माणसाचं वजन पाटावर, पाटाचं कडीवर, कडीचं तुळईवर, तुळईचं खांबावर, खांबाचं खालच्या दगडी उथळ्यावर. उथळं असतं ते लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणून. लाकडी कोस्टरचा खांबही मातीत गाडलेला नसतो. तो काँक्रीटच्या पायथ्यावर, लोखंडी पट्ट्यांमध्ये बोल्टने कसलेला असतो. आभासी कोस्टरमध्ये सर्वांत जास्त दिसणारी खोट म्हणजे गवतातून थेट उगवलेले खांब. प्रत्येक खांबाखाली वीतभर उंचीचा काँक्रीटचा ठोकळा आणि दोन लोखंडी पट्ट्या ठेवल्या की अर्धा सांगाडा तिथेच जमिनीवर येतो.

आता प्रत्यक्ष कोस्टर. त्याच्या रचनेचा मूळ घटक म्हणजे रुळाला काटकोनात उभी असलेली चौकट. या धंद्यात तिला बेंट म्हणतात. दोन किंवा अधिक उभे खांब, त्यांना ठरावीक उंचीवर जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक कप्प्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मारलेले वासे. अशा चौकटी रुळाच्या लांबीत थोड्याथोड्या अंतराने उभ्या राहतात आणि रुळाच्या दिशेने धावणाऱ्या आडव्या-तिरक्या लाकडांनी एकमेकींना बांधल्या जातात. वर रूळ असतो तो लाकडी फळ्यांच्या सात-आठ थरांचा, आणि चाकं जिथे टेकतात तिथे पोलादी पट्टी. ‘लाकडी कोस्टर’ हे नाव या रुळामुळे पडतं, सांगाड्यामुळे नव्हे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या 1927 सालच्या प्रसिद्ध ‘सायक्लोन’चा रूळ लाकडाचा आहे, सांगाडा पोलादाचा.

तिरक्या वाशांकडे नवशिक्यांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. चार लाकडांची चौकोनी चौकट कोपऱ्यात कितीही घट्ट ठोकली तरी बाजूने ढकलल्यावर कलते. एक तिरकं लाकूड मारलं की तिचे दोन त्रिकोण होतात आणि ती जागची हलत नाही. परळ-लालबागच्या सुताराला हे कोणी शिकवावं लागत नाही. नाटकाच्या सेटची भिंत मागून बघितली तरी हाच त्रिकोण दिसतो. दादरच्या शिवाजी मंदिरात प्रेक्षकाला दिसतो तो दिवाणखाना. विंगेतून दिसतात त्या भिंतीला तिरका आधार देणाऱ्या पट्ट्या.

या तिरक्या लाकडांवर कोस्टरमध्ये किती जोर येतो, ते एका वळणाच्या उदाहरणाने पाहू. गाडीचं माणसांसकट वजन 6 टन धरू, वेग ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर, आणि वळणाची त्रिज्या 30 मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागलं की 13.3 येतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 1.36 पट. याचा अर्थ 6 टनांची गाडी सांगाड्याला बाहेरच्या बाजूला 8 टनांहून थोड्या जास्त जोराने ढकलते. रूळ कलता ठेवला तर बसणाऱ्याला हा धक्का कमी जाणवतो, पण सांगाड्याला बसणारा आडवा रेटा तेवढाच राहतो.

हे वळण जमिनीपासून 18 मीटर उंच आहे असं समजा. आता तो रेटा सांगाडा उलथवायला बघतो. चौकटीच्या पायांतलं अंतर 3 मीटर असेल तर आतल्या पायाला वर उचलणारी ओढ 49 टनांच्या घरात जाते. तेच अंतर 9 मीटर केलं तर ती 16 टनांच्या आसपास येते. गाडीखालच्या चार-पाच चौकटींत ही ओढ वाटली जाते, गाडीचं आणि सांगाड्याचं स्वतःचं वजन ती आणखी कमी करतं. पण दोन आकड्यांतला फरक मिटत नाही. म्हणून खऱ्या लाकडी कोस्टरच्या उंच वळणावर बाहेरच्या बाजूला लांब तिरके पाय पसरलेले दिसतात. सरळ मार्गावर तीच चौकट सडपातळ असते. पडद्यावर सांगाडा रचताना हा फरक राखला नाही, सगळीकडे एकाच रुंदीच्या चौकटी मारल्या, तर लाकडाचा रंग कितीही खरा असो, वळण खोटं वाटतं.

जत्रेतल्या मौत का कुआँने हा रेटा आपल्याकडे कित्येकांना दाखवला आहे. उभ्या फळ्यांच्या गोल भिंतीवर मोटारसायकल चढली की कठड्याला टेकलेल्या हाताला थरथर कळते. फळ्या बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून त्यांना बाहेरून कवळणारे दोर आणि टेकू तिथे हाताच्या अंतरावर बघायला मिळतात. वळणाच्या अभ्यासाला याहून जवळचं साधन नाही.

सर्वांत जिकिरीचं काम रूळ एकमेकांवरून जातात तिथे असतं. लाकडी कोस्टर जागा वाचवण्यासाठी स्वतःच्याच पोटातून धावतो, आणि वरच्या रुळाचा खांब नेमका खालच्या रुळाच्या मधोमध यायला बघतो. आपोआप खांब उभारणारा संगणक तो खुशाल तिथे उभा करतो आणि गाडी लाकडातून आरपार जाते. खरा अभियंता आधी गाडीभोवतीची मोकळी जागा आखून घेतो: डब्याची रुंदी, त्यावर बसलेल्या उंच माणसाचा वर केलेला हात, बाजूला पसरलेला हात. त्या जागेत एकही लाकूड येता कामा नये. मग मधला खांब कापून दोन बाजूंना दोन जाड खांब द्यायचे, त्यांच्यावर भक्कम तुळई टाकायची आणि वरचा तोडलेला खांब त्या तुळईवर उभा करायचा. तुळई जाड दिसलीच पाहिजे, कारण आता ती कापलेल्या खांबाचं काम वाकण्याच्या ताकदीवर करते आहे.

गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर दुकान काढलेलं असतं किंवा आतल्या चौकात जायला वाट ठेवलेली असते, तिथे हाच प्रश्न सुताराने सोडवलेला दिसतो. वरच्या मजल्यांचा भार वाटेवरच्या तुळईवर घेतलेला असतो, आणि ती आजूबाजूच्या तुळयांपेक्षा ठळकपणे जाड असते. मी पडद्यावर असा रस्ता काढतो तेव्हा एकच कसोटी लावतो: हे लाकूड काढलं तर वरचं काय खाली येईल? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर ते लाकूड सांगाड्याचा भाग नाही, ते काढायचं. उत्तर ‘सगळं’ असं आलं तर त्याची जाडी पुन्हा तपासायची.

लालबागचा धडा वेगळा. गणेश गल्लीच्या मंडळाचा उत्सव 1928 पासूनचा, लालबागच्या राजाचा 1934 पासूनचा. गणेश गल्ली देशभरातल्या मंदिरांच्या भव्य प्रतिकृतींसाठी ओळखली जाते. समोरून दगडाचा दिसणारा तो डोलारा मागून वासे, बल्ल्या, बांबू आणि प्लायवूडचा असतो. त्याचं वजन फार नसतं. पण भाद्रपदातला पाऊस आणि वारा त्या रुंद पृष्ठभागाला शिडासारखा ढकलतो. म्हणून मागे तिरक्या आधारांची दाटी असते. कोस्टरमध्ये गाडी क्षणभर येते आणि जाते, वारा मात्र चोवीस तास असतो. रिकाम्या उंच चढावाखालीही तिरकी लाकडं लागतात ती त्याच्यासाठी.

यानंतर प्रश्न येतो लाकडाच्या कातडीचा, आणि इथे माफक काम पुरतं. खरं लाकूड हवं तेवढं लांब मिळत नाही, म्हणून उंच खांब तुकडे जोडून होतो. शेजारच्या खांबांचे सांधे एकाच उंचीवर येऊ द्यायचे नाहीत, कारण सुतारही येऊ देत नाही. सांध्यात बोल्ट दिसले पाहिजेत, त्याखाली पावसाने ओघळलेला गंजाचा डाग. दुरुस्तीच्या खुणा हव्यात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना इथला ‘लीप द डिप्स’ 1902 सालचा, ओहायोतला ‘द बीस्ट’ 1979 सालचा आणि 7,361 फूट लांबीचा. इतकी वर्षं उभ्या असलेल्या सांगाड्यात फळ्या आणि वासे बदलत राहावे लागतात. राखाडी पडलेल्या लाकडांत मधेच एक पिवळसर ताजा वासा ठेवला की सांगाड्याला वय येतं. जुन्या चाळीत काळ्या पडलेल्या तुळयांशेजारी नव्या लाकडाचा तुकडा असाच वेगळा दिसतो.

चाळींचा हा अभ्यास आता घाईने करायला हवा. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी 1969 च्या कायद्याने मंडळ स्थापन झालं, तेच पुढे म्हाडाचा भाग झालं. सुरुवातीला त्याच्याकडे 19,642 उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती होत्या. त्यांतल्या 1940 पूर्वीच्या ‘अ’ वर्गात येतात, आणि लाकडी सांगाडे प्रामुख्याने त्यांच्यातच आहेत. गिरगावात चालताना गॅलरीखाली टेकू लावलेल्या इमारती दिसतात त्या बहुतेक यांतल्याच. मेट्रो 3 च्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती गेल्या, पुनर्विकासात रोज आणखी जात आहेत. रहिवाशांना मजबूत, कोरडं, स्वतःच्या संडास-मोरीचं घर मिळायलाच हवं. त्यासाठी चाळ पाडावी लागते हे उघड आहे. जुन्या सागवानाला भाव येतो, ते विकलं जातं. वाया जाते ती जोडणीची माहिती: कोणत्या जाडीची तुळई किती अंतर पेलत होती, सांधा कसा होता, शंभर वर्षांत ती किती वाकली.

ही माहिती पाडकामाच्या आधी आणि पाडकाम चालू असताना टिपता येते. धोकादायक ठरलेल्या इमारतीत शिरायचं नाही. कंत्राटदाराच्या आणि रहिवाशांच्या परवानगीने, खाली उतरवलेल्या लाकडांवर काम करायचं. खांबाची जाडी-रुंदी, दोन खांबांमधलं अंतर, तुळईची खोली आणि लांबी, दोरी ताणून मोजलेली तिची मधली झोळ, आणि सांध्याचे तीन बाजूंनी फोटो, प्रत्येकात मोजपट्टी ठेवून. उथळं निघालं तर त्याच्या वरच्या खाचेचंही माप घ्यावं. गल्ली, इमारतीचं नाव आणि तारीख त्यावर टाकली की आभासी सांगाडे रचणाऱ्याला, वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला आणि उरलेल्या चाळींच्या दुरुस्तीवर काम करणाऱ्या अभियंत्याला एकच नोंद वापरता येईल. मोजपट्टी, ओळंबा आणि फोन एवढ्या सामानात एका इमारतीचं काम एका दिवसात उरकतं.