बिनक्लिपचं पेडल आणि गार पाय

'क्लिपलेस पेडल' हा शब्द मराठीच्या मास्तराला पटणारा नव्हे. नावात म्हणायचं क्लिप नाही, आणि बूट मात्र खटकन पेडलला अडकवायचा! त्यामागची गोष्ट अशी. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर पुढच्या बाजूला एक पिंजरा असे, त्यात पाऊल घालून वरून पट्टा आवळायचा. त्या पिंजऱ्याला 'टो-क्लिप' म्हणत. फ्रान्समधली 'लूक' कंपनी बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याचे खटके बनवत असे. १९८४ मध्ये तिने तसाच खटका सायकलच्या पेडलला आणला आणि १९८५ ची तूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने तीच पेडलं वापरून जिंकली. पिंजरा गेला म्हणून 'क्लिपलेस'. जे आलं त्याचं नव्हे, जे गेलं त्याचं नाव ठेवलं!

आता तुम्ही विचाराल, मास्तर, सत्तरी उलटल्यावर हे खूळ कशाला? सूनबाईही हेच विचारते. पुतण्याने हौसेने बूट आणि पेडलं आणून दिली, हे एक. दुसरं म्हणजे चढावर पाय घसरत नाही. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की बूट सुटतो. आमच्या बंगल्याच्या भिंतीला धरून आठवडाभर तेवढीच तालीम केली.

पण नाशिकची थंडी! डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी दहाच्याही खाली येतो. निफाडकर तर याला थंडी म्हणतच नाहीत. त्र्यंबक रस्त्याला लागलं की वीस मिनिटांत पायाची बोटं गार आणि अर्ध्या तासात असा ठणका, की विचारू नका.

कारणं साधी आहेत. चालताना तळवा वाकतो, बोटं हलतात, रक्त खेळतं. सायकलच्या बुटाचा तळ मात्र लाकडी फळीसारखा ताठ, आत बोटं नुसती बसून. तळाला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा, लोखंडी स्क्रूने बसवलेला. त्यातूनही ऊब निसटते. उन्हाळ्यासाठी बुटाला पुढे भोकं ठेवलेली, त्यातून वारा आत शिरतो. शिवाय अंग गारठलं की शरीर आधी काळीज-फुप्फुसं सांभाळतं आणि हातापायांचं रक्त कमी करतं. घरात तंगी आली की आधी चैनीच्या वस्तू बंद होतात, तसंच!

म्हणून उपाय फक्त मोज्यांचा नाही. एकावर एक दोन मोजे चढवले आणि बूट आवळला तर रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतो. लोकरीचा एकच मोजा, आत बोटं हलतील एवढा सैल बूट, भोकांवर चिकटपट्टी, बुटाच्या आत नमद्याचा तुकडा, आणि डोकं, छाती, गुडघे नीट झाकलेले. तरीही ठणकलं तर उतरून पाच मिनिटं सायकल हातात धरून चालायचं. यासारखं दुसरं औषध नाही. चवड्याखाली आग होत असेल तर तो थंडीचा दोष नसून दाबाचा असू शकतो. क्लीट थोडी टाचेकडे सरकवून पाहावी.

इथपर्यंत तुम्हाला कुठलाही सायकलवाला सांगेल. मला सांगायचंय ते पुढे आहे.

आमच्या अण्णांना पंचवीस वर्षं मधुमेह. एकदा चपलेत बारीक खडा गेला आणि ते दिवसभर त्याच्यावर चालले. कळलंच नाही. जखम झाली, चिघळली आणि शेवटी उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यात ते मला एकच वाक्य पुन:पुन्हा म्हणत होते, "दुखलंच नाही रे." तोवर मी दुखण्याला शत्रू समजत होतो.

यंदाच्या जानेवारीत एका पहाटे माझ्या डाव्या पायाचा ठणका मध्येच थांबला. बरं वाटायला हवं होतं, पण पोटात गोळा आला. उतरलो, बूट काढला. बोटं पांढरी पडलेली, चिमटा घेतला तरी पत्ता नाही. तसाच रस्त्याकडेला बसून दोन्ही हातांनी पाय धरून राहिलो. काही मिनिटांनी सुया टोचाव्यात तशी कळ आली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते कळेचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पावलावरची नाडी पाहिली, माझे डोळे मिटवून नायलॉनच्या दोऱ्याने तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श केला आणि "कळलं की सांगा" म्हणाले. सगळीकडे कळलं. साखरही ठीक निघाली. थंडीचाच प्रताप होता. मात्र त्यांनी बजावलं, की गारठलेले पाय एकदम कढत पाण्यात किंवा शेगडीपाशी न्यायचे नाहीत; बधिर कातडीला चटका समजत नाही. आणि थंडी नसताना, एकाच पायाला किंवा चालताना पोटरीत असं होऊ लागलं तर घरगुती उपाय करत न बसता दाखवायला यायचं.

माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगतो, दुखतंय तोवर पाय तुमच्याशी बोलतोय. त्याचं ऐका, त्याला ऊब द्या. तो गप्प झाला तर मात्र सायकल बाजूला लावा.

हल्ली मी फिरून आलो की नऊच्या सुमारास अण्णांचा फोन येतो. किती किलोमीटर झाले ते विचारत नाहीत. म्हणतात, "मोजे काढून बघितलंस का?"

बघतो. दहाही बोटं, एकेक करून.