वडिलांच्या अक्षरातली शंभर गाणी

माझे वडील गावच्या भजनी मंडळात गात. गणपतीच्या दिवसांत रात्र चढली, भजन रंगात आलं की ते हातातले टाळ खाली ठेवत, डावा हात कानाशी नेत आणि अशी एखादी गवळण काढत, की ओटीवर पेंगुळलेली म्हातारी माणसं सावरून बसत. ती गवळण त्यांच्याकडे कुठून आली, अशा आणखी किती त्यांच्याजवळ आहेत, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या कानांत तेव्हा दुसरीच गाणी होती. ते गेले, आणि त्यांच्याबरोबर त्या गवळणीही गेल्या. म्हणूनच असेल, रोझॅन कॅश या अमेरिकन गायिकेची हकिकत वाचताना मी एका बसमधल्या दुपारपाशी थबकलो, ते पुढं जाईचनात पाय.

ती बस तिच्या वडिलांची, जॉनी कॅशच्या दौऱ्याची. साल १९७३. काळ्या कपड्यांतला, खर्जातल्या आवाजाचा हा गायक तोवर कंट्री संगीताचं दुसरं नावच झाला होता. शेतं, आगगाड्या, चर्च, तुरुंग, दारू आणि पश्चात्ताप असं माणसाचं सारं जगणं साध्या चालींत सांगणारं हे संगीत. त्याची थोरली लेक रोझॅन अठरा वर्षांची होती. कॅलिफोर्नियातली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती वडिलांच्या दौऱ्यावर निघाली. आधी मंडळींचे कपडे धुण्याचं काम, मग मागं उभं राहून साथीला गाणं. एकदा बसमध्ये गप्पा चालल्या होत्या. वडील एकेका गाण्याचं नाव घेत, हे ऐकलंस का म्हणून विचारत, आणि ती नाही म्हणे. ती वाढली होती बीटल्सवर, कॅलिफोर्नियाच्या रॉकवर. वडिलांच्या जिवाला ते लागलं. त्यांनी लिहायचं पॅड पुढं ओढलं आणि दुपारभर बसून एक यादी केली. कंट्रीमधली शंभर अत्यावश्यक गाणी. ती लेकीच्या हाती देत, हे तुझं शिक्षण, अशा अर्थाचं ते काही बोलले.

ॲपलेशियन डोंगरातली जुनी कथागीतं, चर्चमधली गाणी, अन्यायाविरुद्धची गाणी, ब्लूज, कार्टर फॅमिली, जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स, सगळं त्या यादीत होतं. नाव कंट्रीचं, पण आत मावला होता अख्खा अमेरिकन मुलूख. घर, पैसा, नाव यांतलं काही देणं त्या बापाला अवघड नव्हतं. त्यानं दिला तो स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद.

त्या दौऱ्यांत ती गिटार शिकली. शिकवणारे होते जॉनीच्या ताफ्यातले हेलन कार्टर आणि कार्ल पर्किन्स यांच्यासारखे लोक, कार्यक्रमाआधीच्या मोकळ्या वेळात. यादी तिनं जपून ठेवली. पण जपणं वेगळं आणि गाणं वेगळं. ती गाणी स्वतःच्या नावानं गाण्याइतकी जवळ यायला तिला छत्तीस वर्षं लागली. मला ही छत्तीस वर्षंच महत्त्वाची वाटतात.

तिचा जन्म २४ मे १९५५ चा, मेम्फिसमधला. महिनाभरात वडिलांची पहिली रेकॉर्ड बाजारात आली. म्हणजे लेक आणि कीर्ती, दोघी एकाच पाळण्यातल्या. आणि वाटणीत कीर्तीला बाप जास्त मिळाला. तो सदा वाटेवर, गोळ्यांच्या व्यसनात बुडत चाललेला. आई व्हिव्हियन चार मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात त्याची वाट पाहणारी. पुढं घटस्फोट झाला आणि १९६८ मध्ये जॉनीनं गायिका जून कार्टरशी लग्न केलं. प्रसिद्धी घराला काय करते, हे ज्या मुलीनं आतून पाहिलं तिला व्यासपीठाची ओढ कशी वाटणार? तिला लेखिका व्हायचं होतं. शब्द लिहावेत आणि आपण पडद्याआड राहावं, एवढीच तिची इच्छा.

तरी गाणं तिच्याकडे आलंच. तिचा पहिला अल्बम १९७८ साली निघाला तो कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमधून नव्हे, एका जर्मन कंपनीकडून. अमेरिकेत तो त्या वेळी आलाच नाही. मग वडिलांच्याच कंपनीनं, कोलंबियानं, तिला करारबद्ध केलं. १९८१ मध्ये तिनं स्वतः लिहिलेलं ‘सेव्हन इयर एक’ कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या दशकात तिची अकरा गाणी पहिल्या क्रमांकावर पोचली. निर्माता होता तिचा नवरा रॉडनी क्राउल. आवाज वडिलांसारखा मुळीच नव्हता. वडिलांचा आवाज खडकासारखा. हिचा संध्याकाळच्या पाण्यासारखा, वरून संथ आणि खाली ओढ असलेला.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. १९८७ च्या ‘किंग्ज रेकॉर्ड शॉप’ या अल्बमसाठी तिनं ‘टेनेसी फ्लॅट टॉप बॉक्स’ हे गाणं निवडलं. गिटार वाजवणाऱ्या एका पोराची ती गोष्ट. तिला वाटलं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं, लोकांत पिढ्यान्‌पिढ्या फिरणारं जुनं गाणं असणार. ते होतं तिच्या वडिलांनी लिहिलेलं, १९६१ सालचं. लेकीला बापाचं गाणं बापाचं म्हणून ओळखू आलं नाही! पण गाणाऱ्याला याहून मोठी पावती कोणती? गाणं इतकं सगळ्यांचं झालं होतं, की घरातल्या मुलीलाही ते परंपरेतलंच वाटलं. त्या अल्बममधली चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. हे त्यांतलंच एक.

यशाच्या याच दिवसांत तिला एक स्वप्न पडलं. तिच्या आठवणींच्या ‘कम्पोज्ड’ या पुस्तकात ते आलं आहे. स्वप्नात मेजवानी चालली आहे, कोचावर गायिका लिंडा रॉनस्टॅड्ट बसली आहे आणि दोघींच्या मध्ये एक म्हातारा. त्याचं नाव आर्ट, म्हणजे कला. ती त्याच्याशी बोलू पाहते. तो तिच्याकडे तुच्छतेनं बघतो आणि वरवरच्या हौशी लोकांना आपण मानत नाही असं सुनावून पुन्हा लिंडाशी बोलू लागतो. रोझॅन जागी झाली ती हादरून. यशाच्या शिखरावर अशी स्वप्नं क्वचित पडतात. पडली तरी माणसं कूस बदलून झोपतात. तिनं मात्र ते स्वप्न शिक्षकाच्या शब्दासारखं मानलं. आवाजाची तालीम नव्यानं सुरू केली, चित्रकला शिकली, गाणी लिहिताना सोप्या जागा सोडून दिल्या.

त्यातून १९९० मध्ये ‘इंटिरिअर्स’ आला, तिनं स्वतः निर्मिती केलेला. संसाराच्या भिंतींना गेलेले तडे त्यात उघडे होते. कंपनीच्या नॅशव्हिल शाखेला तो रेडिओजोगा वाटला नाही. तिनं आपला करार न्यूयॉर्क शाखेकडे वळवून घेतला आणि पुढं स्वतःही त्या शहरात राहायला गेली. लग्न मोडलं. पहिल्या क्रमांकांचे दिवस संपले. पण वडिलांच्या सावलीतून बाहेर पडायची वाट तिला इथंच सापडली. ती सावली जिथं पडते ती बाजारपेठच तिनं सोडली.

१९९८ मध्ये गरोदरपणात तिच्या स्वरतंतूंवर गाठ आली. जवळजवळ अडीच वर्षं गाता येईना. नंतरचा ‘रूल्स ऑफ ट्रॅव्हल’ २००३ मध्ये आला. त्यात मरणाची चाहूल घेणारं ‘सप्टेंबर व्हेन इट कम्स’ हे गाणं आहे. तुम्हीही यात गा, असं तिनं वडिलांना विनवलं. ते आजारी, थकलेले. तरी म्हणाले, आधी शब्द वाचू दे. लेकीचं आहे म्हणून त्यांनी हो म्हटलं नाही. शब्द वाचले, पटले, तेव्हाच गायले. मला वाटतं, वडिलांनी तिला दिलेला सगळ्यात मोठा मान हा. जिच्या नावाआधी लोक आयुष्यभर वडिलांचं नाव घेत आले, तिचं गाणं त्यांनी एका गीतकाराचं गाणं म्हणून हाती घेतलं.

त्याच वर्षी मे महिन्यात जून कार्टर गेली. १२ सप्टेंबरला जॉनी कॅश गेले. २००५ मध्ये आई गेली, २४ मे या दिवशी. त्या दिवशी रोझॅन पन्नास वर्षांची झाली. या तिघांचं दुःख घेऊन २००६ मध्ये ‘ब्लॅक कॅडिलॅक’ आला. त्याच्या शेवटी नुसती शांतता आहे. एकाहत्तर सेकंदांची. आई आणि वडील दोघंही एकाहत्तराव्या वर्षी गेले होते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा रात्र होती. एका आयुष्याचं एक वर्ष, एक सेकंद. तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदापर्यंत येता येता मला आमच्या ओटीवरचे खाली ठेवलेले टाळ दिसू लागले.

२००७ मध्ये तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. मेंदूचा खालचा भाग मणक्याच्या वाटेत उतरला होता. त्यातून ती उठली, आणि २००९ मध्ये चौपन्नाव्या वर्षी तिनं वडिलांचा तो कागद उघडला. शंभरांतली बारा गाणी निवडून ‘द लिस्ट’ केला. निर्मिती आणि संगीत-संयोजन केलं जॉन लेव्हेंथॉलनं, तिच्या दुसऱ्या नवऱ्यानं. त्यात जिमी रॉजर्स आहे, कार्टर फॅमिली आहे. ऐकताना कुठंही प्रसिद्ध बापाची मुलगी गाते आहे असं वाटत नाही. खूप चालून आलेली एक बाई आपल्या गावाची वाट ओळखते आहे, असं वाटतं. अठराव्या वर्षी ही गाणी तिनं पाठ केली असती. चौपन्नाव्या वर्षी ती तिची होती.

पुढचं पाऊल तर थेट मातीत पडलं. आर्कान्सामधल्या डायस या वसाहतीत जॉनीचं लहानपणीचं घर आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारनं गरीब शेतकऱ्यांना जमीन देऊन ती वसवली. १९३५ मध्ये कॅश कुटुंब तिथं आलं आणि वीस एकरांत कापूस पिकवू लागलं. एका विद्यापीठानं ते घर जतन करायला घेतलं, तेव्हा रोझॅन त्या कामात गुंतली. दक्षिणेतल्या त्या फेऱ्यांतून ‘द रिव्हर अँड द थ्रेड’ जन्मला, २०१४ साली. भूकंपानं खचलेल्या त्या सखल भागावर त्यात एक गाणं आहे, आणि गाण्यात आहे तिची आजी कॅरी, कापसाच्या शेतात राबणारी. या अल्बमला २०१५ मध्ये तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्याआधीचा तिचा ग्रॅमी तीस वर्षांपूर्वीच्या गाण्याला होता.

मोठ्या झाडाखाली दुसरं झाड वाढत नाही, असं आपण सहज म्हणतो. रोझॅनकडे पाहून मला वाटतं, वाढतं. पण बी थोडं लांब जाऊन पडावं लागतं. वडिलांनी यादी दिली, आणि कधी गाणार म्हणून तगादा लावला नाही. लेकीनं ती फेकली नाही, आणि तिच्या जोरावर मिरवलीही नाही. वारसा हातात पडतो त्या दिवशी आपला होत नाही. आपल्या चुका, आपली दुःखं, आपले शब्द यांतून जाऊन आपण त्याच्यापाशी परत येतो, तेव्हा होतो. मात्र परत येण्यासाठी तो कागद कुठंतरी असावा लागतो.

माझ्यापाशी तो नाही. दोन-तीन गवळणींचे तुटके चरण तेवढे मला आठवतात, मधले शब्द सापडत नाहीत, आणि विचारायला मंडळातलंही आता कुणी उरलं नाही. म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या घरात कुणी ओव्या म्हणणारी, अभंग म्हणणारी, जुन्या नाटकांतली पदं गुणगुणणारी व्यक्ती असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्यापुढं वही आणि पेन ठेवा. शंभर नको, दहाच लिहून मागा. आणि तुम्ही उतरवून घेऊ नका. त्यांच्याच अक्षरात लिहू द्या.