एवढीशी खाच

चांगल्या माणसांना एकत्र आणले की चांगला संसार आपोआप होतो, असे मानणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मुलगा चांगला, मुलगी चांगली, दोन्ही घरे चांगली. मग बिनसले कुठे, असा प्रश्न लग्नानंतर दोन वर्षांनी हीच मंडळी एकमेकांना विचारतात. चांगलेपणा हा एकेकाचा गुण असतो. जुळणे ही मात्र दोघांमधली गोष्ट असते, एवढेच त्यांच्या ध्यानात आलेले नसते.

वर्गात वृत्ते शिकवताना मला हे दरवर्षी सांगावे लागते. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात अक्षरे 19, आणि यती बाराव्या अक्षरावर. तुमच्याजवळचा शब्द कितीही देखणा असो. त्याचे लघुगुरू त्या जागी बसत नसतील, तर बिचाऱ्याला दाराबाहेर उभे राहावे लागते. त्यात शब्दाचा अपमान नाही आणि वृत्ताचा हट्टही नाही. हा धडा वीस वर्षे शिकवल्यावर त्याचे एक नवे उदाहरण मला घरातच मिळाले, आणि तेही संगणकाच्या मेमरीत!

आमची मुक्ता वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला होती. इमारतींची त्रिमित चित्रे काढताना तिच्या लॅपटॉपला धाप लागे. तेव्हा सुटे भाग आणून घरीच एक संगणक जुळवायचा, असा बेत तिने केला. खर्चाची मर्यादा 60,000 रुपये. त्यांतले 15,000 तिने शिकवण्या घेऊन साठवलेले. म्हणून यादी तिची आणि निर्णयही तिचा, असा आमचा करार ठरला. दोन महिने ती यादी आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी मुक्कामाला होती. मदरबोर्ड नव्या पिढीचा, डीडीआर5 जातीची मेमरी घेणारा, आणि मेमरी 32 जीबी, इतके आम्हां सर्वांना पाठ झाले होते.

पण ते वर्ष 2025 चे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड संगणक-केंद्रे उभी राहत आहेत, त्यांची मेमरीची भूक अफाट. त्या भुकेपायी वर्षाच्या उत्तरार्धात बाजारातली मेमरी भराभर महागू लागली. मुक्ता रोज भाव बघायची आणि रोज यादीतली एखादी वस्तू खोडायची.

अशात भाऊबीज आली. माझा दादा सांगलीहून आला. त्याचा तिथे छपाईचा छोटासा व्यवसाय आहे. ओवाळून झाल्यावर माझ्या ताटात त्याने साडी ठेवली आणि मुक्ताच्या हातात प्लॅस्टिकचे एक चपटे खोके दिले.

"आईला साडी, भाचीला मेमरी!" तो म्हणाला. "पावसाळ्यात माझ्या संगणकाचा मदरबोर्ड जळला. एवढे मात्र काढून ठेवले. 16 च्या दोन आहेत, 32 झाले. बाजारात भाव काय झालेत बघ जरा!"

मुक्ताने खोक्यावरची अक्षरे वाचली. मग "मामा, तुम्ही कमाल केलीत!" असे म्हणून ती वाकून त्याच्या पाया पडली. पण उठताना तिने माझ्याकडे एक दृष्टिक्षेप टाकला. खोक्यावर डीडीआर4 लिहिले होते.

रात्री दादा झोपल्यावर मी हळूच विचारले, "नाहीच का बसणार?"

"त्या बोर्डात नाही, आई." तिने एक पट्टी माझ्या तळहातावर ठेवली आणि फोनवर नव्या पट्टीचे चित्र दाखवले. दोघी जुळ्या बहिणींसारख्या! लांबी तीच, पाच इंचांहून थोडी अधिक. खालच्या कडेचे सोनेरी संपर्कही दोघींना 288. फरक एवढाच, की कडेवरची एवढीशी खाच एकीची किंचित सरकलेली. बोर्डावरच्या जागेत त्या खाचेला जुळणारा एक उंचवटा असतो. खाच त्यावर आली तरच पट्टी खाली उतरते. जोर केला तर मोडेल, पण बसणार नाही. आणि हे बरेच आहे. जुनीला 1.2 व्होल्ट लागतात, नवीला 1.1; दोघींचे आतले व्यवहारही निराळे. चुकून गाठ पडली तर नुकसानच व्हायचे. म्हणून ती खाच आधीच नम्रपणे 'नको' म्हणते. माणसांना अशी खाच देवाने ठेवली असती तर!

आमच्या घरातले 'हे' म्हणाले, "ठेवून द्या कपाटात. दादांना कोण सांगणार आहे?" मला ते पटेना. माझ्या एम.ए.ची फी दादाने छपाईच्या पहिल्या कमाईतून भरली होती. त्याच्या हातून आलेली वस्तू आमच्या घरात कधी शोभेपुरती राहिलेली नाही. आणि पुढच्या भाऊबीजेला तो विचारणार, "कशी चालते गं?" त्या वेळी मी काय सांगायचे? उलट, केवळ मामाचे मन राखायला मुलीने आपल्या कष्टाच्या पैशांचा बेत मोडावा, हेही मला नको होते. आठ दिवस मी काही बोलले नाही.

नवव्या दिवशी लोणच्याच्या बरणीशेजारी नवी यादी दिसली. तिच्यात मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलले होते. एएमडीच्या एएम5 सॉकेटला फक्त डीडीआर5 चालते. त्याच्या आधीच्या एएम4 ला डीडीआर4. मुक्ता एक पिढी मागे आली होती.

"मामासाठी करतेस हे?" मी विचारले.

"मामांसाठी केलं असतं तर वाईट झालं असतं का?" ती हसली. मग कागद पुढे ओढून तिने हिशेब मांडला. मेमरीचे वाचलेले पैसे चित्रांच्या कामाला जास्त उपयोगी अशा ग्राफिक्स कार्डावर घालता येत होते. मेमरीने मागितलेली माहिती द्यायला सुरुवात किती वेळात करावी, याचेही एक माप असते. मामाच्या 3200 वेगाच्या, सीएल 16 च्या पट्टीला त्यासाठी 10 नॅनोसेकंद लागतात. 6000 वेगाच्या, सीएल 30 च्या नव्या पट्टीलाही तेवढेच. एका सेकंदात नवी पट्टी माहिती पुष्कळ जास्त वाहते हे खरे. "आणि ही वाट लवकर संपेल, हेही मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पुढचे नवे प्रोसेसर या बोर्डात बसणार नाहीत. पण मला कॉलेजची तीन वर्षं काढायची आहेत, दहा नाहीत."

मी काय बोलणार? एखादा शब्द कवीला सोडवतच नाही, तेव्हा तो वृत्त बदलतो. हेही मीच वर्गात सांगत असते.

पुढच्या शनिवारी आम्ही डोंबिवलीहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने आधी नव्या पिढीचेच गुणगान केले. पण मुक्ताने पट्टीवरचे लेबल त्याच्यापुढे धरले. 'पीसी4' म्हणजे जात, '3200' म्हणजे वेग, आणि पुढचा 'यू' म्हणजे साध्या घरगुती संगणकाची पट्टी. तिथे 'आर' असता तर ती सर्व्हरची, आमच्या उपयोगाची नव्हे. बोर्ड बनवणाऱ्याने ज्या पट्ट्या तपासून पाहिल्या त्यांची यादीही ती घेऊन आली होती. दुकानदाराने मुकाट्याने आपल्या काउंटरवरच्या बोर्डात पट्ट्या लावून दाखवल्या. यंत्र सुरू झाले.

घरी जुळणी झाली ती रविवारी. चार जागांपैकी प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी, अशा दोन जागांवर जोडी लावायची. म्हणजे माहिती दोन रस्त्यांनी एकदम धावते. दोन्ही टोकांवर दाबताच टक् असा आवाज झाला. मग कळले, की प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते आणि तिच्यात त्या पट्टीची सारी जन्मपत्रिका लिहिलेली असते. यंत्र सुरू होताना बोर्ड ती वाचतो. तरी तो भिडस्त. पहिल्यांदा त्याने 2133 ची संथ चाल धरली. सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केल्यावर 3200 दिसले.

पण जळालेल्या यंत्रातून आलेली मेमरी शाबूत आहे का? त्यासाठी मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवला. तो मेमरीत काही लिहितो, वाचतो, पुन्हा लिहितो. मी अंथरुणावर पंख्याची घरघर ऐकत पडले होते. मुक्ताने सांगितले होते, की मेमरीतला एकेक कण विद्युतभाराचा थेंब जपतो आणि तो थेंब सतत गळतो. म्हणून दर 64 मिलिसेकंदांत सारे पुन्हा भरून घ्यावे लागते. म्हणजे यंत्रालाही उजळणी चुकत नाही! त्या गळक्या थेंबांपैकी एकानेही दगा दिला तर दादाला काय सांगायचे, या विचाराने मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही.

सकाळी पडद्यावर चुकांच्या रकान्यात शून्य होते. मी दादाला फोन लावला.

"बसली का गं?" त्याने विचारले.

"बसली. छान बसली."

"मग दोन जागा अजून रिकाम्या असतील. पुढच्या भाऊबीजेला आणखी दोन आणतो!"

आतून मुक्ता ओरडली, "आई, मामांना सांग, चांगल्या असल्या तरी निराळ्या जोड्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. आणण्याआधी लेबलाचा फोटो पाठवा म्हणावं!"