अर्धा मंत्र

रात्री साडेदहानंतर मी धनुर्धारी बनतो. हे वाक्य मी आजवर घराबाहेर उच्चारले नव्हते. पंचेचाळिशी उलटलेल्या, शाळेत पोरांना चित्रकला शिकवणाऱ्या आणि चार कादंबऱ्या नावावर असलेल्या गृहस्थाने असले काही कबूल करावे हे बरे दिसत नाही. माझे शिक्षण बेताचे, मॅट्रिकपुरते. त्यामुळे गावात जी काही पत आहे ती गंभीर चेहऱ्याच्या बळावर. पण दिवाळी अंकासाठी 'मनापासून काहीतरी लिहा' असे संपादकांनी कळवले, आणि मनापासून लिहायचे म्हटले की हा धनुर्धारी दारात येऊन उभाच राहतो.

घरात अर्थात हे गुपित नाही. "दिवसा पोरांच्या हातातून मोबाइल काढून घ्यायचे आणि रात्री स्वतः बाण मारत बसायचे!" असे सौ. म्हणते. झोपायला जाताना ती खोलीत डोकावते आणि सांगते, "राक्षस मारून झाले की कडी लावून घ्या."

हे खूळ लावले माझ्या भाच्याने. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. पुण्यात संगणकाची नोकरी करणारा हा मुलगा एक बॅग आणि दोन संगणक घेऊन आमच्याकडे आला आणि चार महिने राहिला. दिवसा त्याचे काम चाले. रात्री तो गिल्ड वॉर्स नावाचा खेळ खेळे. अमेरिकेतल्या अरीनानेट या मंडळींनी 2005 सालच्या एप्रिलात बाहेर काढलेला हा खेळ. आजच्या हिशेबाने म्हाताराच. म्हणूनच त्याच्या जुन्या संगणकावरही चाले. देशोदेशीचे लोक एकाच काल्पनिक मुलखात उतरतात, कुणी योद्धा होतो, कुणी वैद्यकी करणारा भिक्षू, कुणी अग्नी आणि उल्का बोलावणारा मांत्रिक. शेकडो विद्या शिकता येतात, पण मोहिमेवर निघताना त्यातल्या आठच बरोबर न्यायच्या. ही अट मला फार आवडली. कादंबरीकाराला कुणीतरी अशी अट घालायला हवी होती.

"मामा, तुम्ही धनुर्धारी व्हा," भाचा म्हणाला. मला वाटले, लांब उभे राहून बाण मारायचे म्हणजे वयस्क माणसाला सोपे. पण त्याच्या मनात वेगळेच होते. त्याला मारणारा नको होता, अडवणारा हवा होता.

हे काम जरा समजावून सांगायला हवे. शत्रूचा मांत्रिक मंत्र म्हणू लागला की तो पुरा व्हायला काही वेळ लागतो. कुठल्याला एक सेकंद, कुठल्याला दोन. आकाशातून उल्का पाडणाऱ्या मंत्राला तर पाच. तेवढा वेळ त्याला जागचे हलता येत नाही. नेमक्या त्या वेळात माझा बाण त्याच्या अंगात शिरला पाहिजे. शिरला की मंत्र तुटतो. आधी शिरला तर व्यर्थ, नंतर शिरला तर व्यर्थ. बाणाने जखम होते ती किरकोळ. त्याची सगळी किंमत वेळेत.

आता हिशेब पाहा. समोर काय चालले आहे हे डोळ्याला दिसून बोट हलायला सुमारे पाव सेकंद लागतो. धनुष्य ओढून बाण सुटायला खेळाच्या नियमाने अर्धा सेकंद. मग बाणाचा प्रवास, आणि आमच्या गावातून समुद्रापारच्या यंत्रापर्यंत निरोप जायचा तो वेगळाच. म्हणजे एका सेकंदाचा मंत्र अडवायचा तर हातात जवळजवळ काहीच उरत नाही. पाव सेकंदाचेही मंत्र असतात. ते पाहून अडवताच येत नाहीत, ते यायच्या आधी ओळखावे लागतात. धनुष्येही निरनिराळी. काहींचा बाण लांब जातो पण रमतगमत. मी रिकर्व्ह नावाचे घेतले, त्याचा बाण चपळ.

पहिले महिनाभर मी सगळीकडे उशिरा पोचलो. मग एक गोष्ट ध्यानात आली. पडद्याच्या वरच्या बाजूला शत्रूच्या मंत्राचे नाव उमटते, ते वाचण्यात भाचा तरबेज. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. पण वीस वर्षे मी मुलांना माणसाचे चित्र काढायला शिकवतो आहे. हात उचलण्याआधी खांदा उचलला जातो, हे मी फळ्यावर किती वेळा काढून दाखवले असेल! मी नाव वाचणे सोडले आणि अंग पाहू लागलो. मग बाण लागू लागले.

या कामात यश दिसत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. उल्का पडल्या नाहीत, शत्रूचा जखमी सोबती बरा झाला नाही, आमच्यातले कुणी मेले नाही. जे घडलेच नाही त्याची वाहवा कोण करणार? शिक्षकाला हे नवे नाही. एखाद्या पोराचे बोट वर्गात दारात चेंगरले नाही म्हणून कुणी मुख्याध्यापकांकडे आभार मानायला येत नाही.

पण मनात एक खडा राहिला होता. लहानपणी आजीकडून ऐकलेल्या गोष्टींत मंत्र म्हणणारा नेहमी सज्जन आणि तो तोडणारा राक्षस. विश्वामित्रांच्या यज्ञात विघ्न आणायला मारीच आणि सुबाहू यायचे, आणि राम-लक्ष्मण धनुष्य घेऊन यज्ञाची राखण करायचे. मग मी कोण? मी तर सरळसरळ मारीच! शत्रूचा भिक्षू आपल्या पडलेल्या सोबत्याला उठवण्यासाठी हात वर करतो आणि मी त्या हातांवर नेम धरतो, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवे. नंतर इंद्रजित आठवला. निकुंभिलेत त्याचा यज्ञ चालला होता, तो पुरा झाला असता तर त्याला कुणी जिंकू शकले नसते. बिभीषणाने हे सांगितले, लक्ष्मण तिथे पोचला, आणि यज्ञ अर्धा राहिला. कृती तीच, पण इथे अडवणारा नायक आहे. फरक एवढाच की काय चालले आहे आणि पुरे झाले तर काय होईल, हे लक्ष्मणाला सांगणारा कुणीतरी होता. ठाऊक नसताना अडवले की माणूस मारीच होतो.

मला सांगणारा भाचा होता. त्याने मला एके रात्री माझ्या बाणाचा पुरा गुण समजावून दिला. डिस्ट्रॅक्टिंग शॉट असे त्याचे नाव. "मामा, ह्यानं मंत्र नुसता तुटत नाही. तुटलेला मंत्र त्याला पुढं आणखी वीस सेकंद म्हणताच येत नाही. तोंडातून निघतच नाही."

मी हो म्हटले आणि खेळ सोडून उठलो. सौ.ला नवल वाटले. त्या रात्री मला झोप आली नाही.

2018 सालची गोष्ट. आमचा भाग ऊसतोडीचा. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि दिवाळी झाली की माणसे बिऱ्हाडासकट कारखान्यांच्या मुलखाला निघतात. पोरेही जातात. ती जाऊ नयेत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे; यादीत नाव लागले की पोर गावातच आजी-आजोबांपाशी राहते, जेवणाची सोय होते, शाळा सुटत नाही. त्या वर्षी यादीचे काम माझ्याकडे होते. अक्षर चांगले म्हणून.

सातवीतला एक मुलगा चित्रकलेच्या तासाला टेबलाशी आला. "सर, माझा खोडरबर हरवलाय."

"मग शेजाऱ्याचा घे. जा जागेवर."

तो गेला नाही. "सर, ते..."

"जागेवर!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी निळा रंग संपला होता. मी यादी उतरवून काढत होतो, मान वर न करता म्हणालो, "रंग नसला तर पेन्सिलीनं काढ. प्रत्येक गोष्ट मला सांगायला येऊ नकोस." माझ्या कामात व्यत्यय आलेला मला खपत नाही. कादंबरी लिहिताना कुणी हाक मारली तर तुटलेले वाक्य आठ दिवस सापडत नाही, अशी तक्रार मी घरीदारी करत आलो आहे.

सुट्टी संपली. त्याची जागा रिकामी होती. पुढे बाजारात त्याची आजी भेटली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "त्याला ऱ्हायचं हुतं माझ्यापाशी. मायबापबी तयार हुते. दोनदा सांगाया गेलता तुमाला. म्हनला, सर कामात हायेत."

त्या सुवाच्य यादीत तेवीस नावे होती. चोविसावी ओळ आखलेली होती, तिच्यावर काही लिहिलेले नव्हते. टोळ्या परत आल्या तेव्हा परीक्षा उरकत आल्या होत्या. जूनमध्ये तो शाळेत आला नाही. पुढच्या हंगामात त्याच्या हातात कोयता आला होता, असे कळले.

दोन वर्षे मी स्वतःची समजूत घालत होतो. मुलाने स्पष्ट बोलायला नको का? खोडरबराचे काय सांगत बसला? भाच्याच्या त्या एका वाक्याने समजूत संपली. खेळातला मांत्रिक वीस सेकंदांनी पुन्हा तोंड उघडतो. बारा वर्षांच्या मुलाचे वाक्य तोडले तर किती वेळाने उघडेल, याचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही.

पुढे कसलेल्या खेळाडूंशी सामना होऊ लागला तेव्हा आणखी एक गोष्ट शिकलो. ते आधी एखादा क्षुल्लक मंत्र सुरू करतात आणि मध्येच सोडून देतात. अडवणारा उतावळा असला तर बाण टाकून बसतो. तोच बाण पुन्हा हाती यायला दहा सेकंद जातात, आणि तेवढ्यात खरा मंत्र म्हणून होतो. "सगळं अडवायचं नसतं, मामा," भाचा म्हणे, "आधीचं जाऊ द्या. खरं मागून येतं."

मला खोडरबर आठवला. मुलेही असेच करतात; फक्त हेतू उलटा. खेळाडू क्षुल्लक मंत्र म्हणतो तो बाण वाया घालवण्यासाठी. मूल क्षुल्लक वाक्य बोलते ते बाण येतो का हे पाहण्यासाठी. आला तर ते गुपचूप जागेवर जाते, आणि आपण यादी उतरवत राहतो.

भाचा पुण्याला परत गेला, जुना संगणक माझ्याकडे राहिला. अजून आम्ही रात्री खेळतो. तो वैद्य, मी धनुर्धारी, आणि सहा यंत्रचालित सोबती. त्यातला एक सोबती मंत्र अडवण्यात माझ्याहून चपळ आहे. पण तो दिसेल ते अडवतो. मी त्याच्याकडे पाहतो तेव्हा मला मान वर न करणारा एक मास्तर दिसतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी सहावीतली एक मुलगी टेबलाशी आली. "सर, माझ्या पेन्सिलीचं टोक मोडतंय सारखं."

मी हातातले पेन खाली ठेवले. पेन्सिल घेतली, टोक करून दिले. ती तिथेच उभी. 'जा जागेवर' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. वीस वर्षांची सवय. मी तिच्या खांद्यांकडे पाहिले. ते किंचित वर गेले होते. मी थांबलो. मागच्या बाकांवर गलका सुरू झाला, तो होऊ दिला. कितीतरी वेळ गेला असे मला वाटले. खरे म्हणजे चार-पाच सेकंद असतील. उल्का पडायला लागतात तेवढेच.

"सर," ती म्हणाली, "मला जायचं नाही. मला आजीपाशी ऱ्हायचंय. माझं नाव लिहा."

मी यादी काढली आणि तिच्यादेखत नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना भेटून आलो.

त्या रात्री खेळायला बसलो तेव्हा मन प्रसन्न होते. डोंगराच्या पायथ्याशी शत्रूच्या मांत्रिकाने हात वर केले. खांदा मला स्वच्छ दिसला. आणि मी पाहत राहिलो. पाच सेकंद पुरे झाले, आभाळ कोसळले, आणि आम्ही आठही जण भुईसपाट. खेळात असे झाले की पंधरा टक्के बळ वजा करून जवळच्या देवळापाशी पुन्हा उभे करतात.

"मामा!" भाचा कानात ओरडला. "झोपला होता का? अडवलं का नाही?"

"त्याचं बोलणं चाललं होतं," मी म्हणालो.